बीजातली खोट

आई, काल भाचीला घेऊन तुकोगंजच्या दवाखान्यात गेले होते. तिच्या पोटात दुसऱ्यांदा राहिलेलंही गेलं, आणि या वेळी डॉक्टरांनी आधी जावयालाच तपासायला सांगितलं. तोही मुकाट्यानं गेला. शुक्राणू निवडायच्या आता नव्या तऱ्हा आल्यात म्हणे. आतून धड असलेले वेगळे काढायचा प्रयत्न करतात, त्यानं गर्भपात कदाचित कमी होतात, पण गॅरंटी कोणी देत नाही. मी बाकावर बसून ऐकत होते आणि मला तुम्ही दिसत होता, हिरव्या काठाच्या साडीतल्या, मांडीवर पिशवी धरून बसलेल्या.

माझं पहिलं गेलं तेव्हा हे मिलच्या बॉयलर खात्यात होते. दुसऱ्या वेळी मिलच्या फाटकाला कुलूप लागलेलं होतं आणि हे राजवाड्यावरून टेम्पो चालवायला लागले होते. दोन्ही वेळा तुम्ही आपल्या लेकाला सोडून मलाच पपई खाल्लीस का, जड उचललंस का, असं विचारत राहिलात. स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून पोळ्या लाटता लाटता एकदा म्हणालात, "तुझ्या पोटात काही टिकतच नाही ग." मी परात घासत होते. घासतच राहिले.

दवाखान्यात न्यायचं मात्र तुम्हीच ठरवलंत. हे एकदाच आले, नमुना दिला आणि कोणाकडे न बघता टेम्पो काढून गेले. डॉक्टरीणबाईंनी त्यातले जोरात पोहणारे निवडून माझ्या पोटात सोडले. राहिलं. तुम्ही मला भरलेली बादली उचलू देत नव्हतात. तिसऱ्या महिन्यात तेही गेलं.

त्यानंतर आपण दोघीच गेलो. तुम्ही विचारलंत, "हिच्यात काय कमी आहे?" बाई म्हणाल्या, "माँजी, हिचं सगळं तपासलं, काही सापडलं नाही. दोष पुरुषाकडूनही असू शकतो. आम्ही पोहणारे निवडतो, पण त्यांच्या आत काय बिघडलंय ते दिसत नाही. गर्भ राहतो आणि पुढे थांबतो." तुम्ही मिलमधल्या बॉयलरच्या धगीबद्दल विचारलंत. "उष्णतेनं होऊ शकतं, पण यांना त्यानंच झालं असं नाही सांगता येत." तुम्ही जिन्यात खाली बसलात. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी दिलं, ते तुम्ही प्यायला नाहीत.

घरी आलो तर समोरच्या काकू टपूनच होत्या. "फिर से गया क्या? अहो, मुलाचं दुसरं बघा ना, अजून वय आहे त्याचं." आणि तुम्ही चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "हिच्यात काही खोट नाही. खोट माझ्या लेकाच्या बीजात आहे." बाई 'असू शकतो' म्हणाल्या होत्या, आई. तुम्ही 'आहे' म्हणालात. हे दारात उभे होते, हातात टेम्पोची किल्ली. एवढंच म्हणाले, "मिल गेली, आता हेही सांगा सगळ्यांना." आणि चपला न घालता परत खाली उतरले.

त्यानंतर ते तुमच्याशी बोलले नाहीत. ताट मी वाढायचे, औषध हे आणायचे आणि माझ्या हातात द्यायचे. दवाखान्याचं नाव काढलं की उठून जायचे, म्हणून पुढचे उपचार झाले नाहीत. मूलही झालं नाही. शेवटच्या आजारात तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणायचात, "त्याला म्हणावं, ये ना रे." मी सांगायचे. ते पायथ्याशी येऊन उभे राहायचे, पांघरूण नीट करायचे, आणि जायचे. अग्नीही तसाच दिला.

आता आतल्या खोलीत टीव्ही बघतायत. तुमचा विषय निघाला की आवाज मोठा करतात. त्यांच्याकडे बघून मला दया येते, आजही. भाचीचा नवरा स्वतः तपासायला गेला, ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

हा कागद कुठे धाडणार, म्हणून लिहून टाकते. त्या दिवशी हे अनवाणी जिना उतरत होते, तुम्ही दाराला धरून उभ्या होता, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावला. तुम्हाला वाटलं मी रडतेय. आई, मी हसत होते.