खांद्याएवढा ओटा

ताईस, धाकट्याचा नमस्कार.

मी वेळेवर जेवतो, तेव्हा तुझा पहिला प्रश्न मिटला. खोकलाही आता दिवसा येत नाही.

काल सुट्टी होती म्हणून इथल्या जुन्या बाजारात गेलो. पाय ठेवायला जागा नाही इतकी गर्दी, आणि मधोमध खांद्याएवढा उंच दगडी ओटा. चपलावाल्याला विचारलं, हा कशाला? तो म्हणाला, "हमालांसाठी. डोक्यावरचं ओझं एकट्याला उतरवता यावं म्हणून. दोनशे वर्षांपूर्वी एका हमालाच्या बायकोने बांधून घेतला." ओट्याची कड घासून अगदी गुळगुळीत झाली आहे.

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. तू मळ्यातून भाजीची भरली पाटी घेऊन यायचीस आणि दारातून हाक मारायचीस, "अरे, जरा हात लाव." मी पुस्तकातून मान वर न करता म्हणायचो, "एवढं पान झालं की आलो." पान संपेपर्यंत तू एकटीनेच पाटी उतरवलेली असायची.

मान डॉक्टरांना दाखवलीस का? उगाच "बरी आहे" असं लिहू नकोस.

पुढच्या महिन्यात येतोय. दारातून एकदा हाक मार.

तुझाच,
धाकटा