तिकटीवरचा दहीभात

१५ नोव्हेंबर १९९७, शनिवार

आजपासून रोज लिहायचं. ग्योतोकुला आमच्या शेजारी राहणाऱ्या स्नेहलता वहिनींनी वही देताना सांगितलं, दमयंती, मनातलं लिहून काढ, भीती जाते. मी म्हटलं भीती कुणाला वाटते. वही मात्र घेतली.

ही जागा भिकार. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये सात घरं, त्यातली तीन बंद. ह्यांच्या आईचे वडील इथं एकटे राहतात. म्हातारा ब्याऐंशीचा. रानडुकरांनी दोन वर्षं त्याचं भाताचं शेत नांगरून टाकलं. आता त्याचा गुडघा गेलाय आणि फास लावायला माणूस पाहिजे. म्हणून आमचे हे कंपनीतून रजा काढून आले. ह्यांची आई जपानी, बाप सांगलीचा, त्यामुळे दोन्हीकडचा हट्ट आलाय अंगात.

डुकरं धरायचा सीझन आजपासून १५ फेब्रुवारीपर्यंत. तेवढे दिवस मी इथं राहणार नाही हे स्पष्ट सांगितलं. भांडून ठरलं ते असं: ३० तारखेपर्यंत एकही डुक्कर सापडलं नाही तर सगळे परत घरी, ग्योतोकुला. १ डिसेंबरपासून बस बंद होते, ती एकदम एप्रिलला सुरू.

म्हाताऱ्याला दोन वर्षांत एक डुक्कर मिळालेलं नाही. म्हणजे मी जिंकल्यातच जमा.

निश्चय: १) पोरीला, नुपूरला, नजरेआड करायचं नाही. २) म्हाताऱ्याशी बोलायचं नाही. (तसंही त्याला मराठी येत नाही.) ३) घाबरायचं नाही. मी घाबरत नाहीच, पण लिहून ठेवलेलं बरं.

१६ नोव्हेंबर, सकाळ

म्हातारा चुलीवर बूट उकळतो. खोटं नाही. मोठ्या पातेल्यात झाडाची साल टाकून बूट, हातमोजे, तारेचे फास, सगळं उकळलं. मला वाटलं जेवण आहे. झाकण काढलं आणि किंचाळले. घाबरून नाही, किळस आली म्हणून.

हे म्हणाले, माणसाचा वास आला तर डुक्कर फासाकडे फिरकत नाही. साबण नाही, पावडर नाही, तेल नाही. मला म्हणाले तूसुद्धा फास ठेवलेल्या शेडकडे जाऊ नकोस, तुझ्या डोक्याला खोबरेलाचा वास येतो.

लग्नात हाच वास आवडत होता.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ

शेजारच्या तीन म्हाताऱ्या आल्या. नुपूरला मध्ये बसवून गाल ओढले, केस ओढले, डोळे केवढे, पापण्या केवढ्या. त्या गेल्या आणि पोरगी जेवेना. दृष्ट लागणारच. त्यात हा डोंगर. इथं किती माणसं मेली असतील आणि कुणी त्यांचं काही केलं असेल असं वाटत नाही.

आईनं शिकवल्याप्रमाणे दहीभात कालवला. दही किराणा घेऊन येणाऱ्या कोऑपच्या गाडीवरचं, गोडसर, पण चालवून घेतलं. वर हळदकुंकू. पोरीवरून सात वेळा उतरवला. घराच्या मागं पायवाट जाते, ती वर दोन वाटांना फुटते. चांगली तिकटी आहे. तिथं पानावर ठेवून आले.

ठेवल्यावर मागं वळून बघायचं नसतं. नाही बघितलं. चालत आले. जरा भरभर चालत आले.

१७ नोव्हेंबर

पोरगी पोटभर जेवली. तिकटीवर पान स्वच्छ. भाताचं एक शीत नाही, चाटूनपुसून. म्हणजे जे काय होतं त्यानं घेतलं. आता रोज ठेवायचं.

दुसरं काम त्याहून झकास झालं. दोघं वर गेल्यावर शेडमध्ये गेले आणि उरलेल्या सगळ्या फासांच्या तारांना खोबरेल चोळलं. अर्धी बाटली गेली. आता डुक्कर काय, उंदीरसुद्धा येणार नाही. सातवी पास बाईला कमी समजू नये.

१८ नोव्हेंबर

फास रिकामे. म्हातारा तोंड पाडून बसला. मी गाणं म्हणत भांडी घासली.

नुपूर मला "इया, इया" म्हणते. म्हणजे नको. चार दिवसांत मराठी विसरली. म्हाताऱ्याला "जीचान, जीचान", म्हणजे आजोबा, करत मागं फिरते. बोलायचं नाही हे तिलाही सांगितलं होतं.

एवढ्याशा भातानं एवढ्या डोंगराचं काय होणार असं वाटलं. म्हणून आज दुप्पट केला. वर काळी साखर घातली. शेंगदाणेही.

१९ नोव्हेंबर

पान ठेवून वळले आणि मागं झुडपात आवाज. घुर्रर्र. मग दुसरा घुर्रर्र. जरा बारीक. म्हणजे एक बाई असणार, पोराबाळांची.

वळून बघितलं नाही. भीती नव्हे, नियम. धावत आले कारण गॅसवर दूध होतं.

(दूध नव्हतं. पण असतं तर उतू गेलं असतं.)

२० नोव्हेंबर

फास रिकामे. दहा दिवस राहिले. बॅग काढून पुसून ठेवली.

ह्यांना मात्र आज तरतरी आलेली. म्हणाले, पायाचे ठसे दिसले, ताजे, पाचसहा जनावरांचे. जीचान म्हणतात इतक्या खाली कधी येत नाहीत, काय झालंय कळत नाही. चार फास हलवून खाली लावले. कुठं लावले ते मी विचारलं नाही. मला त्यांच्या धंद्यात रस नाही.

आज भात तिप्पट. काल आवाज दोनच आले होते, पण आणखीही असतील, कुणी उपाशी राहायला नको.

२१ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

हे ओरडत आले. चहाचा थर्मास आण, दोरी आण, चल. मी म्हटलं मी नाही येणार. मग कळलं की नुपूर आधीच म्हाताऱ्याचा हात धरून वर गेलीय. निश्चय नंबर एक गेला. पळत गेले.

७.००

तिकटीपासून वीस पावलांवर. काळं, ओलं, घरातल्या फ्रीजएवढं. पुढच्या पायात तार, आणि तार झाडाला. आम्हाला बघून असं अंगावर आलं की तार टणकन वाजली. मी नुपूरला ओढून घेतलं आणि झाडामागं गेले. झाड बारीक होतं.

म्हातारा काठी टाकून उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले, त्या जनावरासमोर कमरेतून वाकला. बराच वेळ. मग भाला घेतला. गुडघा दुखतो म्हणे. तेव्हा काही दुखला नाही.

मी पोरीचे डोळे झाकले होते. माझे झाकायला हात उरला नाही.

माझं अंग नंतर तासभर थरथरत होतं. थंडी फार आहे इथं.

२१ नोव्हेंबर, दुपार

ठरल्याप्रमाणे डुक्कर सापडलं, म्हणजे मी हरले, असं हे म्हणाले. मी म्हटलं, एक डुक्कर म्हणजे चुकून आलेलं. चुकून आलेलं धरत नाहीत. त्यावर हे हसले. तीन म्हाताऱ्या मटण न्यायला आल्या, त्याही हसल्या. कशाला हसल्या विचारलं, तर तू हसलीस म्हणून. मी हसले नव्हते, दात वाजत होते.

आता तर दृष्ट फारच. दहीभात चौपट.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दुसरं सापडलं. दुपारी तिसरं.

संध्याकाळी पान घेऊन निघाले, तर तिकटीवर म्हातारा बसलेला. हातात कालचं पान. पानावर कुंकू. त्यानं एकदा माझ्या हातातल्या थाळीकडे बघितलं, एकदा फासाकडे, एकदा माझ्या कपाळाकडे. मग खाली बसून जमीन दाखवली. खुरांनी सगळी उकरलेली, जणू जत्रा भरली होती.

घरी आल्यावर ह्यांनी मला समोर बसवलं. विचारलं, रोज ठेवत होतीस? मी म्हटलं हो. कोण खातं असं वाटलं तुला? मी म्हटलं जो असेल तो. बघितलं का नाहीस? म्हटलं, बघायचं नसतं. हे म्हणाले, अगं बाई, डुक्कर होतं ते. मी म्हटलं, तुमचं डुक्कर दह्यात साखर घालून खातं का? हे म्हणाले, हो, खातं, आता तर त्याला दुसरं काही चालतच नाही.

मी खोबरेलाचं सांगून टाकलं. म्हटलं वास आला असणार, कसे आले मग? ह्यांनी म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, वास येत होता. पण त्याच वासाची बाई रोज भात आणते म्हटल्यावर जनावर कशाला भिईल.

मग म्हातारा उठला. टोपी काढली आणि माझ्यासमोर वाकला. डुकरासमोर वाकला होता तसाच.

मला ते बिलकुल आवडलं नाही.

२४ नोव्हेंबर

दहीभात बंद. कायमचा. दृष्ट लागली तर लागली.

२५ नोव्हेंबर

म्हाताऱ्यानं स्वतः सुरू केला. कालवायलाही शिकला. हे म्हणाले, जीचान चाळीस वर्षं आमिष म्हणून डुकरांना कोंडा टाकतायत, त्यांना वाटतं तुझी ही खास पद्धत आहे, एकही गोष्ट चुकायला नको. हळद मागितली, कुंकू मागितलं. मी नाही दिलं. नुपूरनं डबी नेऊन दिली.

खिडकीतून बघितलं. थाळी सात वेळा फिरवली. नुपूर समोर नव्हती, म्हणून स्वतःवरूनच. पान ठेवलं. आणि मागं वळून न बघता ताठ मानेनं आला, पायरीला अडखळून पडला, तरी वळला नाही.

चौथं सापडलं.

२६ नोव्हेंबर

ह्यांनी कंपनीला फोन केला. १५ फेब्रुवारीपर्यंत रजा. मला न विचारता. मी म्हटलं मी जाते. एकटी. पोरीला घेऊन. ३० तारखेची शेवटची बस.

हे म्हणाले, मी सोडायला येतो. मी म्हटलं कशाला, मला काय पाय नाहीत? हे म्हणाले, बस, मग तीन गाड्या बदलायच्या, तू आजवर इथं एकटी स्टेशनपर्यंतसुद्धा गेली नाहीस. मी म्हटलं, वेळ आली नाही म्हणून.

मग ह्यांनी कागदावर मराठीत सगळं लिहून दिलं. कुठं उतरायचं, कोणत्या रंगाची गाडी, ड्रायव्हरला काय म्हणायचं. मला वाटलं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं.

इथं राहिले तर पोरगी माझी राहणार नाही. कालच म्हाताऱ्याच्या भाल्याचं लाकूड पुसत बसली होती, आणि मी हाक मारली तर वळूनही बघितलं नाही.

२८ नोव्हेंबर

तालीम केली. आरशासमोर पंधरा वेळा. "स्टेशनपर्यंत, एक मोठं, एक लहान, प्लीज." जपानीत अगदी फाडफाड. सोपं आहे. लोक उगाच बाऊ करतात.

बॅग भरली. रिकामी केली. स्वेटर वर राहिला पाहिजे म्हणून पुन्हा भरली.

२९ नोव्हेंबर

बर्फ. थोडाच. बस येते म्हणाले.

आज रात्री झोप चांगली लागणार. लागलीच पाहिजे.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळी ९.५०

निघतेय. ह्यांनी बॅग उचलली तर मी काढून घेतली. म्हातारा दारात उभा. नुपूरला काहीतरी गुंडाळून दिलं, भाताचा गोळा आणि मटण. मी घेऊ देणार नव्हते. वाट लांबची आहे म्हणून घेतलं.

बस १०.४० ला. आजपासून मला कुणाची गरज नाही.

३० नोव्हेंबर, दुपारी १.१५

झालं ते सगळं नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी वेगळं सांगायला नको.

बसस्टॉपवर वीस मिनिटं आधी पोचलो. नुपूर भाताचा गोळा खात होती. कागद हातात होता. वाक्य तोंडात होतं.

बस आली. वेळेवर, एक मिनिट इकडे नाही का तिकडे नाही. माणसाला तयारीला थोडा तरी वेळ द्यावा. दार उघडलं. आत कुणी नाही, एकटा ड्रायव्हर, पांढरे हातमोजे. त्यानं काहीतरी विचारलं. ते कागदावर नव्हतं. हा कागद कुणी लिहिला, ह्यांनीच ना.

मला वाक्य येत होतं. पण तो थांबून बघत होता. एवढं बघायचं काय कारण? मी मान वाकवली. त्यानं मान वाकवली. मला वाटलं आपण कमी पडलो, म्हणून मी आणखी खाली वाकले. त्यानंही वाकवली. मग मी हात हलवला, म्हणजे, थांबा जरा, अशा अर्थानं. त्याला वाटलं, जा. दार बंद. बस निघाली.

नुपूर म्हणाली, आई, बस गेली. मराठीत म्हणाली, ते एक बरं झालं.

आणि खरं सांगायचं तर बस चांगली नव्हती. रिकामी बस. रिकाम्या बसमध्ये लहान मुलीला घेऊन कोण जाईल? शिवाय बर्फ. शिवाय तीन गाड्या. एखादी चुकली असती तर जबाबदार कोण? पोरीचा विचार करावा लागतो. ह्यांना मी एवढंच सांगितलं की बस बरोबर वाटली नाही. ह्यांनी बॅग आत नेऊन ठेवली.

पण त्या ड्रायव्हरला मी असं सोडलं नाही. बस वळणापलीकडं गेल्यावर रस्त्याच्या मधोमध उभी राहून चांगलं सुनावलं. जे मनात होतं ते सगळं. उलट एक शब्द बोलायची त्याची हिंमत झाली नाही.