बाबा नुसतं "बरं" म्हणाले

रविवार, १६ मार्च
दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी तब्येत ठीक असेल, गुडघे फार छळत नसतील, असं धरून चालते. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांना कमी ऐकू येतं, पण जे ऐकायचं असतं ते भिंतीपलीकडूनही येतं. मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात आहे. लोकांच्या नाकावर भिंग ठेवून दिवसभर विचारायचं, "आता स्पष्ट दिसतंय का?"

आई गेल्याचं कळवलं त्यानंतर नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. वाईट बातमी नाही. काल मी स्ट्रॉबेरीचा जॅम केला, तेवढंच कळवायला लिहितेय.

तेवढंच नाही खरं तर. पण सुरुवात तिथूनच करते, नाहीतर हे पत्रही फाडून टाकीन.

कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे अडीच किलो स्ट्रॉबेरी उरल्या होत्या. मऊ पडलेल्या, बाजारात तोंड दाखवण्यासारख्या न राहिलेल्या. आई जॅमसाठी अशाच बाजूला काढायची ना? चांगल्या खोक्यात, दुखऱ्या पातेल्यात. मी त्या टेबलावर ओतल्या, तसे बाबा पेपर ठेवून आले आणि देठ काढायला बसले. अंगठ्याच्या नखानं, फळ न दाबता. त्यांचा हात आता चहाचा कप धरताना थरथरतो, पण स्ट्रॉबेरी धरताना थरथरत नव्हता.

"साखर घालून तासभर राहू दे," म्हणाले. "तुझी आई घाई करायची नाही."

"आणि लिंबू किती?"

"ते ताईला विचार. तिच्या लक्षात असतं."

इतक्या सहज म्हणाले, की मी खरंच मान वळवून दाराकडे बघितलं.

मग बसल्या बसल्या मळ्यातलं सगळं आठवत गेलं. फळाला माती लागू नये म्हणून आपण वाफ्यांत पेंढा अंथरायचो आणि संध्याकाळी माझ्या मोज्यांतून निम्मा पेंढा घरात यायचा. पहाटे दव असतानाच तोडणी, कारण ऊन चढलं की फळ बसकण मारतं. एक ओळ तुझी, शेजारची माझी. मी मागे पडले की तू न सांगता माझ्या ओळीतल्याही तोडायचीस आणि माझ्या टोपलीत टाकायचीस. आईला वाटायचं, धाकटी किती चलाख! जॅम उकळताना वर येणारा गुलाबी फेस ती बशीत काढून ठेवायची आणि त्यावरून आपली मारामारी. तू सात वर्षांनी मोठी, तरी फेसापुरती माझ्याच वयाची व्हायचीस.

कालचा जॅम करपला. का करपला ते उद्या लिहिते. बाबांच्या औषधाची वेळ झालीये.


सोमवार, संध्याकाळी

दुकानातून आले. आज एका गिऱ्हाइकाला जवळचा चष्मा म्हणून लांबचा दिला. मालक म्हणाले, "बाई, लक्ष कुठे आहे?" मलाही तेच कळत नाहीये.

ताई, शिट्टी आठवतो का तुला? काय वेड्यासारखं विचारतेय. खोकी न्यायला गाडी घेऊन यायचा तो. फाटकापासून शिट्टी वाजवत यायचा, म्हणून आपण त्याला ते नाव ठेवलं होतं. त्या वर्षी तू म्हणायला लागलीस, "आज तुझी ओळ तू एकटी तोड हं, मी आलेच." आणि तू यायची नाहीस. मी खोक्यांच्या शेडमागे तुम्हा दोघांना बघितलं होतं. काही वावगं नव्हतं. तू गाडीच्या पायरीवर बसली होतीस आणि हसत होतीस. पण ते हसणं मी घरात कधी ऐकलं नव्हतं.

मी बाबांना सांगितलं.

बघ, तीन शब्दांचं वाक्य आहे. बेचाळीस वर्षं लागली.

गुरुवार होता. बाबा शेडमध्ये खोक्यांना खिळे ठोकत होते. मी जाऊन म्हटलं, "ताई शिट्टीशी बोलत बसते, रोज." मला वाटलं, ते तुला रागावतील आणि तू परत माझ्या शेजारच्या ओळीत येशील. मला तू परत हवी होतीस, बाकी काही नको होतं. बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि पुढचा खिळा घेतला.

रविवारी ते तुला बसमध्ये बसवून आले. आत्याकडे राहील, नर्सिंग शिकेल, म्हणाले. शिट्टी परत आला नाही. आईनं बाबांना कारण विचारलं. ते म्हणाले, "मी ठरवलंय." आई त्यांच्याशी कित्येक महिने कामापुरतंच बोलली. आणि मी त्या दोघांच्या मध्ये बसून निमूट जेवत होते.

तुझी चार पत्रं आली होती मला. एकात तू हॉस्टेलच्या खिडकीचं चित्र काढलं होतंस. मी एकालाही उत्तर दिलं नाही. काय लिहिणार होते? "तू कशी आहेस, तुला मीच घालवलं"? मग पत्रं थांबली. मला वाटलं, तुला कळलं. आई गेली तेव्हा तू तीन तास आलीस, आपण शेजारी उभ्या राहून कप धुतले आणि तू एवढंच विचारलंस, "कोरडं फडकं कुठे असतं?" तेव्हा तर खात्रीच पटली.

आता परवाचं. जॅमला चांगली उकळी आली होती. मी बाबांकडे पाठ करून ढवळत होते. पाठ केली म्हणूनच तोंडातून निघालं असेल.

"बाबा, मी तेव्हा तुम्हाला सांगितलं नसतं तर ताई गेली नसती."

वाटलं, ऐकू जाणार नाही. पण गेलं.

"तू? तू काय सांगितलंस?"

"शिट्टीचं."

"अगं, ते मला ठाऊक होतं. दोन दिवस आधी तीच येऊन बोलली होती."

मी वळले. बाबा देठांचा ढीग कागदावर गोळा करत होते.

"म्हणाली, बाबा, मी इथं राहिले तर त्याच्याशी लग्न करून बसेन. आणि मला ते करायचं नाही. मला शिकायचंय. मला इथून पाठवा, पण मी मागितलं असं आईला सांगू नका. ती रडली तर माझा पाय निघायचा नाही."

"मग तुम्ही आईला का सांगितलं नाहीत? नंतर तरी?"

"शब्द दिला होता ना."

"आणि मला?"

"तू कुठं विचारलंस?"

ताई, मी डाव हातात धरून उभी. कोणीच ढवळत नव्हतं. वास आला तेव्हा तळ लागला होता. बाबांनी चमचाभर चाखला आणि म्हणाले, "करपलाय. पण स्ट्रॉबेरीचाच आहे." मी हसायला लागले आणि मग ते हसणं राहिलं नाही.

हलकं वाटायला हवं होतं ना? मला राग आला. कुणाचा, ते कळेना. अकराव्या वर्षापासून जी गोष्ट मी पोटाशी धरून बसले ती माझी नव्हतीच म्हणे. मग मी त्या पत्रांना उत्तरं का दिली नाहीत? तू चिडली नव्हतीस, तर आपल्यात एवढं अंतर पाडलं कुणी? फिरून फिरून एकच नाव समोर येतं आणि ते बाबांचं नाही, तुझंही नाही.


मंगळवार, सकाळी

दुकानात जायच्या आधी एवढं संपवते.

पत्र टाकायचं म्हणून आज चहाच्या वेळी बाबांना परत विचारलं. "नक्की तिनं आधी सांगितलं? मी नंतर?"

त्यांनी चहा बशीत ओतला. "आधी तीच असेल," म्हणाले. "की तू? बेचाळीस वर्षं झाली, बाई. दोघी बोललात, एवढं नक्की. आधी कोण ते आता…" आणि हात हलवला.

"काल तर दोन दिवस आधी म्हणालात!"

"शनिवारी," ते म्हणाले. "काल नाही. शनिवारी म्हणालो."

हे असं आहे बघ. औषध घेतलं की नाही ते त्यांना आठवत नाही, पण मला शनिवारचं काल म्हणू देत नाहीत. मग खरं काय? त्यांना आठवलं म्हणून बोलले, की माझी पाठ बघून मला मोकळं करायला बोलले? ते तसं करू शकतात, हे मला आता कळतंय. आईचा एवढा अबोला त्यांनी अंगावर घेतला तो तुझ्यासाठी, की तू काही मागितलंच नव्हतंस आणि त्यांनीच धाडलं? डोकं चालेनासं झालंय. हे सांगू शकेल असं माणूस जगात एकच उरलंय आणि त्याच्याशी मी बोलत नव्हते.

पण एक गोष्ट मी रात्रभर उलटसुलट करून पाहिली, ती बदलत नाही. तू आधी बोलली असशील नाहीतर नसशील, त्या गुरुवारी शेडमध्ये मी गेले होते, माझ्या पायांनी. तुझी मी चुगली केली. त्याची माफी मागते. आणि चार पत्रांची वेगळी मागते, कारण ती मोठी आहे.

मघाशी बाबा विचारत होते, "लिहिलंस तिला?" म्हटलं, लिहितेय. "मग लिही, एकदा येऊन जा म्हणावं. मी काही आता बसनं यायचा नाही." मी म्हटलं, तुमच्याकडून लिहू की माझ्याकडून? तर म्हणाले, "ज्याचं ती ऐकेल त्याच्याकडून." ते कोण, हेही मला माहीत नाही. तेव्हा दोघांकडून लिहिते. ये.

पत्राच्या शेवटी "लोभ असावा" लिहायचं असतं. ते मागण्याचा मला काही हक्क उरलाय का, दहा मिनिटं विचार करतेय. दुकानाला उशीर होतोय. उरला नसेल, तरी मागते.

लोभ असावा, ताई.

तुझी,
धाकटी