मेंबर आहात का?

बाबा, माझ्या दारातून तुम्ही रागावून परत गेलात हे मला मान्य आहे, माझं चुकलं हे मान्य नाही. तुम्ही वारलात त्याला इतकी वर्षं झाली, तरी हे एक भांडण संपत नाही, म्हणून लिहायला बसले.

आपल्या घराला दार होतं, पण ते लागलेलं मी कधी पाहिलं नाही. तुम्ही ग्रामपंचायतीचे मेंबर. ज्या कचेरीच्या ओट्याखाली आजोबांना उभं राहावं लागे, तिथे तुम्ही खुर्चीत बसलात, याचा मलाही अभिमान आहे. पण त्या खुर्चीपायी आपलं घर गावाचं झालं. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचं बांधावरचं भांडण, सकाळपासून माणसं. माय चुलीपुढून उठत नाही. "यायले घरदार नाई का?" असं पुटपुटत पुन्हा चहाचं आधण ठेवते. मी धानाच्या कोठीमागे बसून बी.कॉम.चा अभ्यास करते आहे आणि तुम्ही ओरडता, "पोरी, पुस्तक ठेव, पाहुण्यायले पाणी दे."

तेव्हाच ठरवलं होतं, एक दार असं करायचं जे माझ्या मर्जीने उघडेल. केलं. पहिला क्लब चंद्रपुरात, मग नागपुरात, मग जंगलाच्या कडेला तिसरा. सभासदांशिवाय प्रवेश नाही. लोक मला शिष्ट म्हणतात, म्हणोत. माझ्या फॉर्मवर जात विचारत नाहीत, नवऱ्याचं नावही नाही. डॉक्टरीणबाई, वकीलबाई दुपारी येऊन नुसत्या बसतात आणि त्यांना कुणी पाणी मागत नाही. माय अशी एक तास बसलेली मला आठवत नाही.

पहिला क्लब सुरू झाला त्याच महिन्यात तुम्ही आलात. गावच्या तलावाच्या ठेक्यासाठी कलेक्टर कचेरीत आणलेले चार मासेमार तुमच्यासोबत होते, हातात माझ्यासाठी पळसाच्या पानांत बांधलेली मासळी. वॉचमनने विचारलं, "मेंबर आहात का?"

"हो ना भाऊ! तीन खेपा निवडून आलो," तुम्ही छाती काढून म्हणालात. तो हसला. मी बाहेर येऊन त्याला दटावलं आणि तुमचा हात धरला.

"बाबा, तुम्ही या. यांना नाही येता येणार. एका सभासदामागे एकच पाहुणा, असा नियम आहे."

"मंग यायले उन्हात ठेवून मी एकटा थंड्यात बसू का?"

"नियम सगळ्यांना सारखा."

"चांगला धंदा काढला, पोरी. आमी दारं उघडता उघडता म्हातारे झालो, अन् तू लावाचे पैसे घेते."

मासळी माझ्या हातात देऊन तुम्ही त्या चौघांसोबत बसस्टँडकडे निघालात. पुन्हा आला नाहीत. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

तरी सांगते, तो नियम मी आजवर कुणासाठी मोडलेला नाही. एका मंत्र्याच्या भावाचे पाहुणे गेटवरून परत पाठवले आहेत. मागच्या आठवड्यात कमिटीतल्या एका बाईंनी विचारलं, एकच पाहुणा का? मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून तसंच आहे. विषय संपला.

हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून लिहिते. पहिल्या दिवसापासून तसं नव्हतं. त्या दुपारपर्यंत पाहुण्यांचा काही नियमच नव्हता. त्या चौघांच्या पायांवर वाळलेला चिखल बघून तो नियम मी पायरीवर उभ्या उभ्या केला, आणि तुमची बस सुटायच्या आत टाइप करून भिंतीवर लावला.