गुलाबाचा एक थेंब

गुरुजी,

काचेचं बूच शिशीच्या गळ्यात फिरताना व्हायचा तो किर्र आवाज अजून कानात आहे. तो झाला की साखऱ्याच्या शाळेतला आमचा चौथीचा वर्ग गप्प व्हायचा. तुम्ही शिशी एखाद्याच्या नाकाशी धरायचात. "डोळे मिट. काय हाय सांग." लग्नाला जायचं तर मोगरा, कुणाच्या दुःखाला भेटायला जायचं तर रुमालाला गुलाबाचा एकच थेंब, हा तुमचा नेम. मी साठ वर्षं समजत आलो की तोही कवितेचाच तास होता, फुलांची कविता आधी नाकानं वाचायची असते.

काल नातीच्या साखरपुड्यासाठी अत्तर आणायला हिंगोलीला गेलो. तुमच्या अत्तरवाल्याचा मुलगाच आता म्हातारा होऊन गादीवर बसतो. तुमचा विषय काढला तर तो हसला. "गुरुजीला कुठं वास येत होता? जलमापासून न्हाई. अब्बाकडून दोन सारख्या शिश्या न्यायचे, लोकायला कळंल म्हणून चिठ्ठी लावू द्यायचे न्हाईत, अन् कोणती कशाची ते शाळेतल्या लेकरायकडून वळखून घ्यायचे." मी दुकानाच्या पायरीवरच बसलो. त्यानं पाणी दिलं, "तब्येत बराबर हाय ना?" म्हणाला.

मला तो दिवस दिसतो आहे. तुम्ही मला उभं केलं आहे. "कविता म्हणून राहिला का हळदीचा भाव सांगून राहिला?" वर्ग हसतो. मग किर्र. शिशी माझ्या नाकाशी येते. मोगरा, अगदी मांडवातला. रागानं मी म्हणतो, "गुलाब." तुम्ही "शाबास" म्हणता, रुमालाला थेंब लावता आणि कळमनुरीला निघता. तुमचे सासरे वारले होते. दोन दिवसांनी गावभर झालं, की लग्नातला मोगरा लावून दुःखाला आले म्हणून मेहुण्यांनी तुम्हाला ओसरीवरूनच परतवून लावलं. मला तुम्ही अवाक्षर बोलला नाहीत. त्यानंतर फक्त शिशी एकाऐवजी दोघांच्या नाकाशी धरू लागलात. पोराला अजून फुलं वळखता येत न्हाईत, एवढंच तुम्ही धरलं असणार.

मला येत होतं, गुरुजी.

घडी पुन्हा उघडून लिहितो आहे. तुम्ही आता नाहीत, म्हणून हा कागद अत्तराच्या पेटीत ठेवत होतो, तोच दारात तुमची लेक. केस पांढरे, हातात काठी. साखरपुड्याचं कुणाकडून तरी कळलं म्हणून न बोलावता आली आहे. रिवाजाप्रमाणे मी पेटी उघडली. तिनं पालथा हात पुढे केला.

"लावा दादा. पण कोणतं हाय ते तेवढं सांगा. आबासारखं मला बी वास येत न्हाई."