सत्तर लाल नोटा

मंगळवार, ४

पहिल्याच दिवशी सगळ्याजणींशी वाकडं घेतलं. घेतलं तर घेतलं.

हॉटेलात पोचलो. आमच्याबरोबर आलेला सहल कंपनीचा मॅनेजर खोल्यांच्या चाव्या आणायला काउंटरवर गेला. तेवढ्यात बाईंनी – म्हणजे आमच्यातल्या रिटायर शाळामास्तरीण – कंपनीचा कागद मोठ्याने वाचून दाखवला. गाइडला टिप, माणशी रोज एक लाल नोट. रोख. इथल्याच पैशात. शेवटच्या दिवशी मॅनेजरकडे जमा करणे.

मी म्हटलं, शेवटच्या दिवशी कशातून? शेवटच्या दिवशी तुमच्या पर्सात बसची तिकिटं आणि खोबरेल उरेल. आत्ता काढा. पाच दिवसांच्या पाच नोटा, प्रत्येकीच्या.

“अगं, बॅग तरी टेकवू दे,” दूधवाली म्हणाली.

“टेकव. एका हाताने टेकव, दुसऱ्याने काढ.”

गेली अकरा वर्षं यांची भिशी मी चालवते. हप्ता पहिल्या तारखेला म्हणजे पहिल्या तारखेला. ही सहलसुद्धा भिशीचीच, तीन वर्षं जादा हप्ता भरून चौदाजणी विमानात बसलो. कुणाकडून पैसे कसे निघतात ते मला ठाऊक आहे. पार्लरवालीने चार दिले, म्हणाली एक उद्या. मी तिच्या बॅगेवर बसून राहिले. पाचवी निघाली.

सत्तर नोटा. पट्ट्याच्या पिशवीत घालून पोटाला बांधल्या. मॅनेजर चाव्या घेऊन आला तेव्हा काम झालं होतं.

खोलीत माझ्याबरोबर वन्सं आहेत. दिराने त्यांचे हप्ते भरले आणि नणंद माझ्या गळ्यात घातली. आल्या आल्या खिडकीकडची खाट घेतली.

बुधवार, ५

दिवसभर पायपीट. गाइड बाई आहे, माझ्याच वयाची. मिटलेली पिवळी छत्री उंच धरून पुढे चालते, आपण मागे. आम्ही तिला छत्रीवालीच म्हणतो. आपल्या लोकांना फिरवून फिरवून दहा-वीस शब्द शिकलीये. चला चला. पाणी. बाथरूम. फोटो बास.

वन्सं म्हणाल्या, “गुरं हाकल्यासारखी हाकते.”

म्हटलं, गुरं तरी सरळ चालतात.

बाजारात दूधवाली हरवली. छत्रीवालीने आम्हाला एका कट्ट्यावर बसवलं, बोटाने दाखवलं – हलायचं नाही – आणि पळत गेली. अर्ध्या तासाने दूधवालीचा हात धरून घेऊन आली. ही बया भांड्यांच्या दुकानात भाव करत होती, हरवल्याचा पत्तासुद्धा नव्हता. मॅनेजर तोवर सावलीत थंड पीत उभा. चाळिशीचा बाप्या, गॉगल कपाळावर, सगळ्यांना ताई ताई.

परत येताना बसच्या पायरीवर छत्रीवाली बूट काढून बसली होती. टाच सोलपटून निघालेली. मी माझ्याकडची पट्टी दिली. तिने लावली आणि बूट घातला. लगेच छत्री उचलून पुढच्या कामाला. मला अशी माणसं आवडतात.

गुरुवार, ६

आज जे झालं ते कुणाला सांगितलेलं नाही.

जेवणाच्या ठिकाणी बायकांच्या बाथरूममध्ये गेले. मागोमाग छत्रीवाली आली. सगळी दारं ढकलून बघितली, कुणी नव्हतं. माझ्या पोटावरच्या पिशवीकडे बोट केलं. मी पिशवीवर हात ठेवला. ती म्हणाली, “नाही, नाही. ऐक.”

मग अर्धं तोंडाने, अर्धं हाताने सांगितलं. पगार – बोटांनी भोपळा करून दाखवला. फक्त टिप. टिप मॅनेजरकडे जाते. जाड गठ्ठा त्याचा – बोटांत माप धरून दाखवलं – आणि हिला त्यातल्या चार-पाच नोटा. दर खेपेला. बोलली तर पुढचा ग्रूप दुसऱ्या गाइडला. ग्रूप कुणाला द्यायचा ते तोच ठरवतो.

मला रागाने घाम फुटला. म्हटलं, मग सगळे तुलाच देते.

तिने घाबरून हातच धरला. “सगळे नाही. अर्धे. इथे. गुपचूप. अर्धे मॅनेजर. तू बोल – बायका कमी दिले.” मग हसून म्हणाली, “सगळे कमी देतात. त्याला माहीत.”

म्हणजे पस्तीस हिला चोरून द्यायचे आणि उरलेले पस्तीस त्या दरोडेखोराला, वर आमच्या चौदाजणींना चिंगूस म्हणून घ्यायचं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कुणीतरी आलं. ती हात धुवायला लागली.

बाहेर आले तर मॅनेजर दारासमोरच. “काय ताई, बराच वेळ?”

“पोट,” म्हटलं. “तुला सविस्तर सांगू का?”

गुरुवारच, संध्याकाळी

पण खरं कशावरून? माझ्या दारात दर महिन्याला कुणीतरी डोळ्याला पदर लावून उभी असते, भिशी आधी उचलायची म्हणून. त्यातल्या निम्म्या खोट्या निघतात. हीही बोलायला शिकलीच आहे की, एवढे ग्रूप फिरवून.

पण टाच खोटी नव्हती.

शुक्रवार, ७

सकाळी नाश्त्याला मॅनेजर माझ्याच टेबलाशी आला. “ताई, टिपचं कलेक्शन तुमच्याकडे आहे ना? देऊन टाका, मी लावतो मार्गी.”

म्हटलं, शेवटच्या दिवशी, असं कागदात आहे.

“अहो, उद्या गडबड असते.”

“मग गाइडच्या सहीची पावती आणून देशील?”

“तिला कुठलं आपलं लिहिता येतंय.”

“अंगठा चालेल.”

हसला. मी विचारलं, गाइडला पगार किती देता? म्हणाला, तो कंपनीचा विषय आहे. मी म्हटलं, मग टिप हा आमचा विषय आहे. तेव्हा हसणं गेलं आणि ताईही गेली. “बघा हो, नियम आहे. मला वर कळवावं लागेल.” माणूस पावतीला बिचकला की मला पुढचं विचारावं लागत नाही. छत्रीवाली खरं बोलत होती.

ती तेव्हा दारात छत्री घेऊन उभी होती. आमच्याकडे पाठ करून.

शुक्रवार, दुपारी

मॅनेजरने काडी टाकली. कुठे टाकायची तेही बरोबर ओळखलं – वन्सं.

बसमध्ये त्या मागच्या बाकावर दूधवालीला सांगत होत्या, मला ऐकू जाईल एवढ्या हळू. “मॅनेजर मागतोय तर देत का नाही ही? काल नवी बॅग घेतली. मी काही म्हणत नाही बाई. पण बॅग घेतली.”

बॅग माझ्या पैशाची. शिलाईच्या. पार्लरवाली लगेच, “मी पाच दिल्यात हं, लिहिलंय ना?” बाई म्हणाल्या, “नियम म्हणजे नियम. देऊन मोकळी हो.” दूधवाली खिडकीबाहेर बघत राहिली. ते जास्त लागलं.

अकरा वर्षं. एका पैशाचा बोल नाही कधी. आणि या माझ्या पिशवीकडे बघतात.

उतरताना छत्रीवालीने मला हात दिला आणि बोट जरा दाबलं. बाथरूमकडे डोळा केला. गेले असते तर पाच मिनिटांचं काम होतं. पण मॅनेजरपुढे उद्या पस्तीसच काढून ठेवल्या की या तेराजणी काय म्हणतील? हिने खाल्ल्या. वन्सं तर गावभर करतील. भिशी मोडेल. बाहेर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी कुणाकुणाला बाथरूमची गोष्ट सांगू? एकीला सांगितली की बसमध्ये पोचली, बसमध्ये पोचली की मॅनेजरला पोचली.

मी मान हलवली. म्हटलं, उद्या. ती काय समजली कोण जाणे.

शुक्रवार, झोपायच्या आधी

ठरलं. भिशी उचलतो तसंच करायचं. उजेडात, सगळ्यांसमोर, मोठ्याने मोजून. अर्धे कशाला, पूर्ण सत्तर तिच्या हातात. चौदाजणी साक्षीला असताना तो हिसकावून घेईल थोडाच? वन्संचंही तोंड बंद. एका दगडात दोन पक्षी.

वन्सं विचारतात, काय लिहितेस एवढं. म्हटलं, तुमचं कौतुक.

शनिवार, ८ – बसमध्ये

झालं!

सगळ्या चढल्या. मॅनेजर पुढे ड्रायव्हरशेजारी. मी उठले आणि मधल्या वाटेत उभी राहिले. म्हटलं, सगळ्यांनी इकडे बघा. पिशवी पोटावरून सोडली आणि बाईंच्या मांडीवर उपडी केली. काय हा आवाज माझा, ड्रायव्हरने आरशातून बघितलं.

छत्रीवालीला बोलावलं. ती जागची हलेना. मीच हाताला धरून आणली. मग एकेक नोट तिच्या हातावर ठेवत मोजायला लागले. एक. दोन. तीन. दहापासून पार्लरवालीही माझ्याबरोबर मोजायला लागली, वीसनंतर सगळ्याच. शाळेत पाढे म्हणतात तशा. पस्तिसाला छत्रीवालीने मूठ मिटली आणि मान हलवली, नको नको. लाजली असेल. मी बोटं उघडून पुढची ठेवली. सत्तरला टाळ्या पडल्या.

वहीच्या मागच्या पानावर तिची सही घेतली. आपल्याला ती वाचता येत नाही, पण सही आहे. पेन दोनदा खाली पाडलं तिने. एवढे पैसे एकदम कधी बघितले नसतील.

मॅनेजरला म्हटलं, “लाव आता मार्गी.” तो म्हणाला, “वा ताई, मानलं. पूर्ण देणारा ग्रूप पहिल्यांदा बघितला.” त्यानेही टाळ्या वाजवल्या.

दूधवालीने मागून पाठीवर हात ठेवला. म्हणाली, “मला ठाऊक होतं गं.” ठाऊक होतं तर काल खिडकीबाहेर काय बघत होतीस, असं जिभेवर आलं होतं. गिळलं. वन्संनी गोळी काढून दिली, गाडी लागू नये म्हणून. न मागता. वन्संची माफी ही एवढीच असते. घेतली.

छान वाटतंय. चार दिवसांत पहिल्यांदा पोट मोकळं आहे.

शनिवार, विमानतळावर

सामान देऊन आम्ही आत बसलो. मॅनेजर म्हणाला, बसचं बघून येतो. काचेपलीकडे बस दिसते.

छत्रीवाली बसखाली उभी होती. तो हात पुढे करून होता. ती नोटा ठेवत होती आणि त्याचे ओठ हलत होते. मोजत होता. मोठ्याने मोजत असावा, आपण मोजल्या तशा. थांबला तेव्हा तिच्या हातात पाचेक उरल्या असतील. त्याने तिच्याकडची छत्री घेतली आणि बसमध्ये टाकली. ती बसमध्ये चढली नाही. चालत गेली.

तो आत आलाय. सगळ्यांना पाणी वाटतोय. ताई ताई.

तिने सांगितलं होतं तसं केलं असतं तर पस्तीस तिच्याकडे राहिल्या असत्या आणि पुढचा ग्रूपही. माझ्यावर आळ आला असता, एवढंच.