उमरदऱ्याचं पाणी

घणसोली गाव, नवी मुंबई
१८ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप पोपटकाका आणि काकी यांना,
क्रांतीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तुम्ही लावणार नाही, म्हणून तुमच्या हुकमाप्रमाणे पोस्टाने पत्र. शुद्धलेखन तपासा, पण लाल शाईने नको.

बातमी अशी की वाशीला विज्ञान शिक्षकांसाठी दर शनिवारी प्रशिक्षण सुरू झालंय आणि आमच्या शाळेतून मी जातेय. आजवर असल्या ठिकाणी इंग्रजी माध्यमाच्या मॅडम जायच्या, मराठी माध्यमाच्या वाट्याला मतदारयाद्या. या वेळी मी मुख्याध्यापकांची पाठच सोडली नाही. मला वाटलं नेहमीसारखंच असेल, सही करा, चहा-बिस्किट घ्या, पडद्यावरचं कोणीतरी वाचून दाखवणार ते ऐका. तसं अजिबात नाही हो!

पहिल्याच दिवशी सरांनी स्पिरिटचा दिवा, चंचुपात्र आणि तापमापी हातात दिली आणि पाण्याचा उत्कलनांक काढायला सांगितलं. शाळेतला प्रयोग! आम्ही हसलो आणि सगळ्यांनी पटापट शंभर लिहून दिलं. मग सर म्हणाले की त्या पाण्यात त्यांनी मुठी भरभरून मीठ विरघळवलं होतं, ते एकशे चारला उकळत होतं. हॉलभर शिक्षक, आणि जे दिसलं ते एकानेही लिहिलं नव्हतं. काका, मी स्वतः एकशे चार पाहिलं आणि तरी शंभर लिहिलं. असा राग आला ना स्वतःचा! घरी सांगितलं तर घरमालकीण सगुणाताई पोट धरून हसल्या. त्यांच्या सासऱ्यांचं इथे खाडीवर मिठागर होतं. मिठागराच्या गावात राहून मास्तरणीला खारं पाणी कळलं नाही, हे त्या आता अख्ख्या आळीला सांगत सुटल्यात.

फेब्रुवारीत परीक्षक शाळेत येऊन प्रत्येकाचा एक पाठ बघणार. त्यातून मोजके शिक्षक उन्हाळ्यात पुण्याच्या विज्ञानसंस्थेत शिकायला जातील, आणि मग तेच बाकीच्या शिक्षकांना शिकवतील. मला जायचंय, काका. खूप जायचंय. घरात अश्विनला सोडलं तर हे फक्त तुम्हालाच सांगतेय, नाही झालं तर उगाच गाजावाजा नको.

काकींच्या गुडघ्याला तेल लावता ना? आहे तशी माया असू द्या आणि उत्तर लवकर पाठवा.

तुमची
क्रांती


मु. पो. उमरदरा, ता. पाटोदा, जि. बीड
१ डिसेंबर २०२४

चि. सौ. क्रांतीस,
पोपटकाकाचा जय भीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचले. शुद्धलेखन बरे आहे. तो तुमचा सर मात्र मला पसंत नाही. शिक्षकांच्या पाण्यात मीठ टाकतो म्हणजे काय? उद्या चहात टाकील. पाणी शंभरला उकळते हे मी एकतीस वर्षे लेकरांच्या डोक्यात कुटून कुटून भरले आहे, आणि आमच्या शाळेत कोणी दुसरे काही लिहिले की शून्य गुण. तू नववीत साडेसत्त्याण्णव लिहिले होतेस ते आठवते का? मी काट मारली, तर तू फुरंगटून दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. आपल्या घरचीच पोरगी, पण मी गुण दिला नाही म्हणजे नाही.

दोष तुझा नव्हता, तापमापीचा होता. पुरवठा करणारा माणूस लबाड. तीन वेळा मी त्याच्याशी भांडून नव्या तापमाप्या आणवल्या, बाई, तिन्ही वेळा तीच रड. एकही शंभरपर्यंत चढेना. शेवटी मी नाद सोडला आणि फळ्यावर शंभर लिहून टाकले.

पुण्याला जायचे मनात आणले आहेस तर जाच. आपल्या घराण्यात मी पहिला मास्तर, तू मास्तरांची मास्तरीण हो. काकीने शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली आहे, नेणारा कोणी मिळाला की धाडतो. तब्येतीस जप, अश्विनरावांस जय भीम सांग.

तुझा
पोपटकाका


घणसोली गाव
९ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप काकांना,
क्रांतीचा जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र स्टाफरूममध्ये वाचलं आणि इतक्या जोरात ओरडले की शिपाई धावत आला. काका, अहो, तीन वेळा बदललेल्या तापमाप्या तिन्ही वेळा सारख्याच कशा चुकतील? तो बिचारा पुरवठादार लबाड नव्हताच! उमरदरा डोंगरावर आहे. समुद्रापासून सातशे-साडेसातशे मीटर वर. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभरच्या आधीच उकळणार. हे मी दर वर्षी वर्गात शिकवते, आणि आपल्या गावाच्या बाबतीत एकदाही डोक्यात आलं नाही. मला वाटायचं हे फक्त हिमालयात होतं.

आता रागावू नका आणि माझं एक काम करा. सोबत दोन तापमाप्या पाठवतेय. माझ्या आठवीच्या मुलांनी त्या इथे तपासल्यात, बर्फात शून्य आणि उकळत्या पाण्यात शंभर दाखवतात. अश्विनच्या एपीएमसीच्या गाळ्यावर कांदा आणणारे पंढरीभाऊ तुमच्याच बाजूचे आहेत, ते आणून देतील. आपल्या शाळेतल्या लेकरांकडून पाणी उकळवून घ्या, दिसेल ते लिहा आणि तापमाप्या पंढरीभाऊंबरोबर परत पाठवा. चटणीही त्यांच्याकडेच द्या.

परीक्षकांसमोर हाच पाठ घ्यायचा ठरवलाय. मुख्याध्यापकांना हे पसंत नाही. परीक्षकांसमोर प्रयोग फसला तर शाळेचं नाव जाईल, मी आपली पेरिस्कोपची प्रतिकृती दाखवावी असं त्यांचं म्हणणं. फसला तर पुणंही गेलं, हे मला कळतं. पण आता माघार घेणार नाही. काका, माझी सगळी भिस्त तुमच्यावर आहे. रागात का होईना, माया राहू द्या.

तुमची
क्रांती


उमरदरा
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा पंढरी कांद्याच्या गाडीतून उतरला आणि लुगड्यात गुंडाळलेले बाळ द्यावे तशा त्या तापमाप्या माझ्या हाती दिल्या. मी त्या चार दिवस कपाटावर ठेवल्या. खरे सांगतो, हात लावावासा वाटेना. काकी शेवटी म्हणाली की पोरगी तिकडे डोळे लावून बसली असेल आणि तुम्ही इथे रुसून बसलात.

मग शाळेत गेलो. तिथले गुरुजी शिवराम माझेच विद्यार्थी. मैदानात तीन दगडांची चूल मांडली, सगळी शाळा गोळा झाली. पाणी खदखदा उकळले आणि पारा साडेसत्त्याण्णवावर बसला तो बसलाच. मी म्हटले जाळ कमी आहे. जाळ वाढवला. मी म्हटले विहिरीचे पाणी जड असते. दुसरे आणवले. दुसरी तापमापी लावली. मी चूल फुंकून फुंकून डोळे लाल करून घेतले, पण पारा काही मास्तराला भिईना. शेवटी एका चिमुरडीने मला विचारले की आजोबा, त्याला शंभरवर नेऊन तुम्हाला करायचे काय आहे. मी फुंकणी खाली ठेवली आणि कागद-पेन मागवले.

तर लिहून घे. उमरदरा येथे पाणी साडेसत्त्याण्णव अंशांना उकळते. लेकरांच्या सह्या खाली आहेत, माझीही आहे. मी चुकलो असे मात्र मी म्हणणार नाही. ते शंभरवाले पाठ्यपुस्तक कोणीतरी समुद्रकाठी बसून लिहिलेले दिसते.

तापमाप्या व चटणी पंढरीबरोबर धाडत आहे. पाठ धीटपणे घे. आमचे लक्ष तिकडेच आहे.

तुझा
पोपटकाका


घणसोली गाव
२ मार्च २०२५

तीर्थस्वरूप काका-काकींना,
क्रांतीचा कडकडीत जय भीम!

झालं, काका! निवड झाली! यादीत माझं नाव आहे आणि मराठी माध्यमाची मी एकटीच आहे. मे महिन्यात पुणे. अश्विनने मार्केटमध्ये सगळ्या गाळ्यांवर पेढे वाटले. सगुणाताईंनी खाऱ्या पाण्याची गोष्ट सांगणं बंद केलंय, आता त्या आळीला सांगतात की आमची भाडेकरू पुण्याला मास्तरांना शिकवणार.

आता पाठाचं ऐका. परीक्षक बाई मागच्या बाकावर, शेजारी मुख्याध्यापक घाम पुसत. गटागटाने पाणी उकळलं. सगळ्यांचं शंभर आलं आणि प्राचीच्या गटाने नव्व्याण्णव सांगितलं. मुख्याध्यापकांनी मला लांबूनच खूण केली की शंभर करून टाका. काका, खडू हातात होता आणि क्षणभर हात तिकडे वळलाही. पण मला वाशीतले एकशे चार आठवले. मी फळ्यावर नव्व्याण्णव लिहिलं. बाईंनी प्राचीला विचारलं की बाकी सगळ्यांचं शंभर असताना तू वेगळं का लिहिलंस. ती म्हणाली की मला तेवढंच दिसलं. मग तिच्याच गटातल्या आकाशने शोधून काढलं की तापमापीचं टोक पाण्याच्या बाहेर येत होतं. पुन्हा लावली, शंभर.

मग मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. वर्गाचा विश्वासच बसेना! तुमचा चष्मा जुना असेल अशी शंका निघाली, माफ करा. मी तुमच्याकडून परत आलेल्या त्याच दोन तापमाप्या दिल्या. इथे त्या पुन्हा शंभर दाखवायला लागल्या. दोन्हीकडे पाणी उकळलेलंच, तापमाप्याही त्याच, मग बदललं काय, म्हणून नुसता गलका. शेवटी प्राची उठली आणि म्हणाली की मॅडम, गाव बदललं. तोवर परीक्षक बाई मागचा बाक सोडून मुलांच्यात येऊन बसल्या होत्या आणि तुमच्या लेकरांच्या सह्या वाचत होत्या. निकालाबरोबर त्यांनी खास निरोप दिलाय की उमरदऱ्याच्या गुरुजींना नमस्कार सांगा.

मी भर वर्गात रडले, सांगून टाकते. पुण्याहून आले की माझा पहिला वर्ग तुमच्या तालुक्यातल्या शिक्षकांसाठी मागून घेणार आहे. पुढच्या रांगेत तुमची खुर्ची. कानाचं मशीन लावून या, एवढीच अट. तुमचा हात डोक्यावर राहू द्या.

तुमची
क्रांती


उमरदरा
११ मार्च २०२५

चि. सौ. क्रांतीस,
पोपटकाका व गोजराकाकीचे पोट भरून आशीर्वाद. जय भीम.

तुझे पत्र मी पारावर उभे राहून मोठ्याने वाचले. दोनदा वाचले. काकी रडली. माझ्या डोळ्यांत चुलीचा धूर अजून आहे असे मी लोकांना सांगितले. शिवरामने शाळेच्या भिंतीवर रंगाने लिहिले आहे की आमच्या गावात पाणी साडेसत्त्याण्णवला उकळते, आणि येणारा-जाणारा थांबून वाचतो. बाजारात जुना विद्यार्थी दिसला की मी रस्त्याच्या पलीकडून ओरडतो की तुझे उत्तर बरोबर होते. त्यांना वाटते मास्तर भ्रमला. वाटू दे.

मशीन कानात घातले आहे. काकी किती बोलते ते आता कळले. तुझ्या वर्गाला येईन, पण पुढच्या रांगेत नाही, मागे बसेन आणि प्रश्न विचारीन. तयारीने ये.

मी चुकलो असे अजूनही म्हणत नाही. पण एक काम राहिले होते ते लाल शाईनेच करतो, तू नको म्हटलेस तरी.

इयत्ता नववी. कु. क्रांती. प्रयोग, पाण्याचा उत्कलनांक. उत्तर साडेसत्त्याण्णव. बरोबर. पैकीच्या पैकी.

तुझा
पोपटकाका